भोपूच्या आत चिमी जाणार नाही

मला झोप लागलेली नाही. पोट मोठं झालंय, कूस बदलता येत नाही, हे आहेच. पण कारण ते नाही. समोर कपाटावर छोट्या भोपूच्या ड्रेसचं नवीन डोकं ठेवलंय आणि ते माझ्याकडे बघतंय. त्याच्या गळ्याचं माप माझ्या चिमीचं आहे. ती पहिलीत आहे. नवऱ्यानं मला न विचारता माप घेतलं.

तर मी, प्राची हरेश मढवी, राहणार बुवापाडा, अंबरनाथ, शिक्षण सातवी, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. कोणी धमकावलं नाही, कोणी पाजलं नाही. डोकं ठिकाणावर आहे, म्हणजे माझं. शुक्रवारी माझं सीझर आहे. डॉक्टरीण बोलली, वार खाली सरकलीय, रक्त खूप जाऊ शकतं, घरच्यांना सांगून ठेव. घरच्यांना सांगितलं. नवरा बोलला, "ह्याच आठवड्यात? रविवारी आपलं लाँचिंग आहे ना!"

एक. घर. घर माझ्या नावावर नाही, सासूबाईंच्या आहे. त्यांनी त्यात गळक्या मोरीसकट सुखानं राहावं. माझी हरकत नाही.

दोन. एजन्सी. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये आमची 'भोपू ब्रँड लायसन्सिंग एजन्सी' आहे. ती पण माझ्या नावावर नाही. पण ती कशी झाली ते लिहून ठेवते, कारण हरेश हल्ली लोकांना सांगतो की त्याला व्हिजन होतं. व्हिजन नव्हतं. भीती होती.

आधी आम्ही वाढदिवसाला ड्रेस भाड्यानं द्यायचो. टीव्हीवरच्या एका परदेशी कार्टूनचा, मोठं डोकं, आत माणूस. एक दिवस कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. जाड कागद, सगळं इंग्रजी, खाली सोनेरी शिक्का. हरेशला वाटलं लायसन्स आलं. त्यानं ते फ्रेम केलं. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, रोज अगरबत्ती. गिऱ्हाईक आलं की हरेश बोट दाखवायचा, "डायरेक्ट कंपनीशी."

बाजूच्या दुकानातला कमलेशभाई कापडवाला चहाला आला. त्यानं चष्मा लावून वाचलं आणि चहा सांडला.

"हरेश साईं, ये लायसन्स नहीं है. ये तेरा धंधा बंद करने का नोटिस है. और तू इसको अगरबत्ती घुमाता है?"

सासूबाई बोलल्या, "मंग काय झालं? मोठे कंपनीनशी आलं ना? आपले दारान दुसरं कोण पत्र पाठवतं?"

हरेश दोन दिवस जेवला नाही. मग मला बोलला, "प्राची, कायतरी कर, ओळखू नाय आलं पाहिजे." मी मशीनवर बसली. कान कापले आणि खाली लोंबते शिवले. पडद्याचं नारिंगी कापड उरलेलं, त्याची सोंड लावली. कुत्रा नाही, हत्ती नाही, काहीच नाही. चिमी तेव्हा रांगत होती, तिनं सोंड पिळली आणि बोलली, "भोपू." झालं आमचं ब्रँडिंग.

पोरांना तो लय आवडला. मग बाटलीवर भोपू, दप्तरावर भोपू, केकवर भोपू. मग हरेशनं एरिया वाटले. अंबरनाथ पूर्वेचा भोपू वेगळा, पश्चिमेचा वेगळा, रेल्वेचा रूळ ओलांडायचा नाही. नारळ फोडून लायसन्स द्यायचं. बदलापुरात एकानं विनालायसन्स भोपू काढला, तर हरेश चिडला. "माझा ब्रँड चोरतो!" नोटीस पाठवायची ठरली. नोटीस कशी लिहितात ते कोणाला माहीत? फ्रेममधलीच उतरवली, नावं बदलून, वर सोनेरी स्टिकर. बदलापूरवाल्यानं ती फ्रेम करून दुकानात लावली. आता तो पण डायरेक्ट कंपनीशी.

हा एजन्सीचा इतिहास. हरेशनं कोणाला वेगळा सांगितला तर हा दाखवावा.

तीन. मोठा भोपू, डोक्यासकट, मी नवऱ्याला देते. त्याचा आहेच, पण माझ्याकडून पण घ्यावा. चिमी रांगत होती तेव्हापासून ह्या पोटापर्यंत बहुतेक वेळा आत मीच असायची. हरेश बाहेर, माईक घेऊन. आतल्याला दिसतं ते भोपूच्या तोंडातल्या जाळीतून. म्हणून लग्नाच्या हळदीत भोपू नाचवतात तेव्हा पिऊन आलेले मामा लोक "घे रे भोपू, एक घोट" म्हणून तोंडात ग्लास ओततात ना, ते डोळ्यात जातं. हरेशनं एकदा तरी आत जाऊन एक हळद काढावी. चेन सासूबाईंनी लावावी.

चार. डोक्यात लावायचा बॅटरीचा पंखा मधूला. मधू आमच्याकडे दुसरा भोपू बनतो. पंखा दे म्हणून त्यानं मागच्या उन्हाळ्यात किती वेळा सांगितलं. हरेश बोलायचा, "पंख्याचा आवाज येतो, पोरांना कळतं." मी माझ्यासाठी गुपचूप बसवला होता. मधूला तेव्हाच द्यायला पाहिजे होता.

पाच. हा मुद्दा नीट वाचा, बाकीचे सोडले तरी चालतील.

भोपूची चेन मागून आहे. आतल्याला ती उघडता येत नाही, कारण हात पंजात शिवलेत. आणि आमच्या लायसन्सची पहिली अट आहे, आतल्यानं बोलायचं नाही. काय पण झालं तरी नाही. पोरांना कळता कामा नये की आत माणूस आहे.

मागच्या मे महिन्यात बदलापूरला एका सोसायटीच्या गच्चीवर मधू आत चक्कर येऊन पडला. पोरांना वाटलं भोपू मस्ती करतोय. ती त्याच्या पोटावर उड्या मारायला लागली. हरेश माईकवर बोलला, "भोपू दमला! भोपूला कोण उठवणार?" सगळे टाळ्या. माझा भाऊ सुजित कंपनीत कामाला आहे, सुट्टी म्हणून आमचा केक पोचवायला आला होता, त्यानं पोरांना बाजूला ढकललं आणि चेन फाडून डोकं काढलं. मधूचा चेहरा राखेसारखा झालेला.

सुजित बोलला, "दाजी, माणूस मेला असता."

हरेश बोलला, "तू कंपनीत नट पिळ. मला ब्रँड शिकवू नको. सगळ्यांसमोर डोकं काढलंस, एरिया गेला माझा!"

तेव्हापासून सुजितला आमच्या घरी बंदी आहे. माझ्या फोनवरून त्याचा नंबर काढून टाकलाय. फोन एजन्सीचा आहे, हरेशकडेच असतो.

आता रविवारी बदलापुरात छोट्या भोपूचं लाँचिंग आहे, भर दुपारी, उघड्या मैदानात. चिमीला आत घालणार. मी "नको" बोलली, तर सासूबाई बोलल्या, "घरचीच पोर हाय, बाहेरची कशाला?" हरेश चिमीला शिकवत होता, "काय झालं तरी बोलायचं?" ती बोलली, "नाही बोलायचं." हरेश बोलला, "शाब्बास."

दुसऱ्या पोरांच्या आया काळजी करतात की पोर ऐकत नाही. माझी ऐकते. तिला नको बोलू सांगितलं की ती नाही बोलणार.

म्हणून लिहून ठेवते. चिमीला कुठल्याच भोपूच्या आत घालायचं नाही. मी जगली तरी नाही, मेली तरी नाही. भोपू मी शिवलाय, नाव चिमीनं ठेवलंय. आमच्या दोघींचं एवढं तरी चालावं.

सहा. शिलाई मशीन माझ्या आईनं दिलेली, ती सुजितकडे ठेवावी, चिमीसाठी. कानातले पण तिला. पोटातल्याला चिमीनं त्यातलं अर्धं द्यावं, ती देईल. छोट्या भोपूचं डोकं कोणालाच नाही. ते जाळा. लायसन्स लागत असेल तर फ्रेम भिंतीवर आहे.

साक्षीदार: बनूबाई, शेजारीण (अंगठा), आणि मधू (सही). मधूनं वाचून बनूबाईला ऐकवलं. मधू उद्यापासून गावाला चाललाय, त्याच्यावर अवलंबून राहू नये.

सही: प्राची हरेश मढवी
ठिकाण: बुवापाडा, अंबरनाथ
तारीख: १४ मे २०२५

खाली जागा आहे म्हणून अजून एक. बनूबाईकडे फोन नाही. हा कागद ती कोणा वाचता येणाऱ्याला दाखवेल. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात, ते मला माहीत आहे. तुम्ही थांबू नका. मी हॉस्पिटलात असेन, जिवंत असेन तरी उठून येता येणार नाही. माझ्या भावाला फोन करा, सुजित वेखंडे, नंबर मागच्या बाजूला मधूनं लिहिलाय. कंपनीत फोन गेटवर ठेवून घेतात, म्हणून मधूनं लावला तेव्हा उचलला नाही. परत परत करा. उचलला की मी कशी आहे ते नंतर सांगा. आधी सांगा, रविवारच्या आत ये, चेन मागून आहे.