पंचाचा डावा कान

२१ ऑगस्ट १९६८

डावा कान पुरता गेला. आज घड्याळ लावून पाहिलं — टिकटिक नाही! उजव्याला बोलणं तेवढं ऐकू येतं, बारीक आवाज नाही. आयव्ही म्हणते, "ऐकू येत नाही, की ऐकायचं नाही?" बायकोला एवढीच शंका असलेली बरी.

कानांवरच तर वर आलो. चौदाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलो. तिथून काउंटीत यष्टिरक्षक, सोळा हंगाम. बॅटची कड लागली की आवाज सगळ्यांआधी मला. त्याच नावावर पंच झालो. नोव्हेंबरात पंचांची नवी यादी. बहिरा पंच — घरी!

२९ ऑगस्ट

निभावतंय. आपल्याकडचे फलंदाज सभ्य. कड लागली की बॅट काखेत मारून स्वतःच चालू पडतात, पंचाकडे बघतही नाहीत. म्हणून मी आता पावलं बघतो. आज दोघे चालते झाले, मी नुसतं बोट वर केलं. एक पोरगेला गोलंदाज म्हणतो, "काय कान आहेत तुमचे, साहेब!" हसलो. दुसरं काय करणार?

४ सप्टेंबर

माझ्या जुन्या काउंटीचा सामना. लेन गार्साइड अजून खेळतोय! नऊ वर्षं मी यष्टींमागे आणि हा शेजारी स्लिपमध्ये. आता एकोणचाळीसचा.

जेवताना म्हणाला, "उद्या धावा झाल्या तर समिती आणखी एक वर्ष ठेवील. नाहीतर मेहुण्याच्या कोंबड्या राखायच्या."

"त्यांना स्लिपमध्ये उभं कर. तुझ्यापेक्षा जास्त झेल घेतील!"

हसला. पण ताटातलं अर्धं तसंच.

५ सप्टेंबर

लिहवत नाही.

लेन तेवीसवर होता, छान खेळत होता. चेंडू बॅटजवळून गेला, यष्टिरक्षकाने धरला, सगळे ओरडले. ओरडा ऐकला. कड नाही ऐकली. लेनच्या पावलांकडे पाहिलं — दोन पावलं पुढे. चालू पडला! मी बोट वर केलं.

तो चालू पडलाच नव्हता. खेळपट्टीवरचा उंचवटा बॅटने ठोकायला निघाला होता. वाकलेला तसाच माझ्याकडे बघत राहिला. मग गेला. पंचाला कुणी विचारत नाही इथे.

नंतर समोरच्या संघाचा यष्टिरक्षक जवळ येऊन पुटपुटला, "पॅडला लागला होता, साहेब. पण मी कशाला बोलू?"

६ सप्टेंबर

आयव्हीला सगळं सांगितलं. बटाटे सोलत राहिली. मग म्हणाली, "समितीला सांगून टाक, नॉर्मन. मी धुलाईखान्यात परत जाईन." — तिचे ते गुडघे घेऊन!

७ सप्टेंबर

गेलो. समितीचे चिटणीस मेजरसाहेब दारातच भेटले. म्हटलं, "गार्साइडच्या बाबतीत माझी चूक—"

"छे, छे! त्याने स्वतःच सांगितलं आम्हाला, कड लागली होती म्हणून. नॉर्मनचे कान कधी चुकतात का, म्हणाला. सरळ माणूस! वाईट वाटलं, पण आज सकाळीच मोकळा केला त्याला."

"साहेब, तो खोटं—" बावीस वर्षं कड लागली की चालू पडलेला माणूस. त्याला खोटारडा म्हणू?

टोपी घातली. निघालो.

८ सप्टेंबर

लेन चर्चबाहेर दिसला. डावीकडून येत होता. मला वळसा घालून उजव्या बाजूला आला, मगच बोलला — "यादीतून नाव काढून घेऊ नकोस हं, नॉर्म. माझं वाया जाईल."