सगळ्यांच्या पुढे

३ तारीख, सोमवार

निर्णय पक्का. राष्ट्रीय उद्यानातल्या ट्रेकला नाव दिलं. चार दिवस, मुक्काम तंबूत. दाट जंगल, नदी, धबधबा. ग्रुपमध्ये सगळे अनोळखी आहेत, हे उत्तमच. अनोळखी लोकांना पहिल्याच दिवशी एक जाणता माणूस लागतो. मला अनुभव नाही, पण वय आहे. चढावर फरक कुणाला कळतो?

हिला फोन करून सांगणार होतो. ही धाकट्या बहिणीकडे गेली आहे, थोडा बदल म्हणून. पुढच्या महिन्यात वर्ष होईल. निघताना म्हणाली होती, तुम्हाला कुणाचीच गरज नाही. माझ्या स्वभावाचं इतकं नेमकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

ट्रेकहून परत आल्यावरच फोन करेन. सांगण्यासारखं काही असलं की बोलणं लांबतं. एरवी आमचं बोलणं गॅस सिलिंडरपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं.

६ तारीख, गुरुवार

फिटनेस सुरू. सॅकमध्ये वजन हवं म्हणून लॅबमधून प्लास्टरच्या पिशव्या आणल्या. (आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. डेंटिस्ट ठसे पाठवतात, मी त्यात हे प्लास्टर ओतून साचे काढतो.) जिना चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. दमलो नाही. थांबलो ते एक पिशवी फुटली म्हणून.

खालच्या मजल्यावरच्या बाई बाहेर आल्या. जिना पांढरा, मी पांढरा. त्यांनी विचारलं की घरी कुणी आहे का तुमच्याकडे पुसायला. म्हटलं, मी आहे. पुसताना पाणी जास्त झालं. प्लास्टर पाण्याने घट्ट होतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तिसऱ्या पायरीवर आता एक टेंगूळ आहे. घसरणार तरी नाही कुणी.

९ तारीख, रविवार

हॉलमध्ये तंबू लावून पाहिला. फरशीत खुंट्या जात नाहीत, म्हणून एक दोरी सोफ्याला, एक फ्रिजच्या हँडलला. फ्रिज उघडला की तंबू वाकतो. जंगलात फ्रिज नसतो, त्यामुळे हा प्रश्न तिथे येणार नाही.

आत जाऊन पडलो. दुपार छान गेली. आतून घर फार शांत वाटतं. म्हणजे बाहेरूनही शांतच असतं.

तंबू काढला नाही. कुणाच्या पायात येणार आहे?

१४ तारीख, शुक्रवार. पहिला मुक्काम, नदीकाठ

पोचलो. भयंकर दमट. शर्ट अंगावर घातल्यासारखा नाही, ओतल्यासारखा वाटतो. झाडं अशी की वर बघताना टोपी पडते. मुळं भिंतींसारखी, त्यांच्या आड माणूस उभा राहिला तर दिसायचा नाही.

ग्रुप बरा आहे. एकाच ऑफिसातली चौघं आहेत, त्यांना मी चौकडी म्हणतो. एक शिक्षक नवराबायको. एक नर्सबाई, माझ्याच वयाच्या, एकट्या आलेल्या. गाइड कमी बोलतो, गळ्यात शिट्टी. सगळ्यांचे दात पाहून घेतले. चौकडीतल्या एकाची अक्कलदाढ त्रास देणार आहे. मी तसं त्याला सांगितलं. तो तेव्हापासून माझ्याशी तोंड मिटून बोलतो.

तंबू दोघांत एक. चौकडीचे दोन, नवराबायकोचा एक, नर्सबाईंचा एक. मी एकटा. मला तसंच हवं होतं. लीडरचा तंबू वेगळाच असतो. गाइडने तो जरा लांब, बांबूंच्या पलीकडे लावायला सांगितला. मी घोरतो असं बसमध्ये कुणीतरी म्हणालं म्हणे.

जेवणाच्या वेळी दिशा कशी ओळखायची यावर थोडं बोललो. पुस्तकात वाचलेलं होतं. बोलता बोलता लक्षात आलं की ऐकायला फक्त शिक्षक उरले आहेत, आणि तेही बसल्या बसल्या झोपले होते. शिक्षकांना ही सवय असते.

१५ तारीख, शनिवार

दिवसभर चाल. सुरुवातीला पुढे होतो. मग मागून सगळ्यांवर लक्ष ठेवलं. मागून लक्ष ठेवणं अवघड काम आहे, लोक दिसायला तरी हवेत.

जळवा. गाइडने सगळ्यांना लांब मोजे दिले. मी नाकारले. माझं रक्त जळवांना आवडत नसावं, हा माझा अंदाज होता. अंदाज थोडा चुकला.

ओढ्यात गुडघा मुरगळला. नर्सबाईंनी दाबून पाहिलं, पट्टी बांधली, आणि सांगितलं की उद्या धबधब्याला येऊ नका, कॅम्पवर आराम करा. हात गार होते त्यांचे. बऱ्याच दिवसांत माझा गुडघा कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे. पण ते शिष्टाचार म्हणून.

संध्याकाळी चौकडीने ग्रुपचा फोटो काढला. काढायला कुणीतरी लागतंच. मी काढला. फोटो चांगला आला आहे.

१६ तारीख, रविवार. पहाटे

प्लॅन तयार. सगळे झोपेत आहेत. मी आत्ताच निघतो. गुडघा ठणकतो आहे, पण आवाज करत नाही. ते धबधब्याला पोचतील तेव्हा मी आधीच तिथे, एका खडकावर, पाय सोडून. घाम पुसलेला. ते विचारतील, तुम्ही? मी म्हणेन, या, बसा. बास. जास्त बोलायचं नाही.

तंबूची चेन बाहेरून लावून घेतली आहे.

१६ तारीख, संध्याकाळी

आज स्वतंत्र मोहीम केली.

दोन वाटा फुटतात तिथे मी डावी घेतली. धबधब्याचा आवाज डावीकडून येत होता. तो वाऱ्याचा होता. वाट एका जुन्या मचाणापाशी संपली. खालच्या दोन पायऱ्याच शाबूत. तिथे बसलो. घाम पुसला. वाट पाहिली.

ऊन वर आलं तेव्हा समजलं की ते इकडे येणार नाहीत. मग विचार केला, आता त्यांच्या लक्षात आलं असेल. नर्सबाई म्हणाल्या असतील, अहो ते कुठे दिसत नाहीत. चौकडीचे चेहरे उतरले असतील. गाइड परत फिरला असेल. अशा वेळी हरवलेल्या माणसाने एका जागी थांबायचं असतं. मी थांबलो. त्यांची सोय पाहिली.

आणि शिट्टी ऐकू आली. लांब, खालून. मी ओरडलो. पुन्हा शिट्टी. मी बोटं तोंडात घालून शीळ दिली. उत्तर आलं. मी दिली, की ते देत. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. इतकं मनापासून कुणी हाक मारतं, हे विसरायला झालं होतं. हळूहळू ते जवळ आलं आणि समोरच्या फांदीवर बसलं. काळपट निळा पक्षी, मैनेपेक्षा थोडा मोठा. त्याने माझ्याकडे पाहिलं, शेवटची एक शीळ घातली आणि उडून गेला.

त्यानंतरचं जंगल फार मोठं होतं.

मी मोठ्याने बोलायला लागलो. हिच्याशी. म्हटलं, तू असतीस तर उजवीकडे चला म्हणाली असतीस आणि मी ऐकलं नसतं. म्हणजे पोचलो इथेच असतो. पण दोघं असतो. मग कढ आला आणि पायरीवर बसून रडलो. इथे कुणी नव्हतं, म्हणून लिहून ठेवतो.

उतरताना माझ्याच बुटांचे ठसे चिखलात उलटे वाचत आलो. ठसे वाचणं हे माझं कामच आहे. दोनदा चुकलो, गुडघ्यावर रांगलो, ओढ्यात बसलो. दिवस कलला तेव्हा धूर दिसला. कॅम्प.

थांबून केस नीट केले. आता ते धावत येतील. मी म्हणायचं ठरवलं, काळजी करू नका, मी ठीक आहे.

चौकडी पत्ते खेळत होती. शिक्षक बटाटे सोलत होते. मी बांबूंच्या बाजूने आलो, म्हणजे तंबूच्याच बाजूने. नर्सबाईंनी मान वर करून विचारलं, "झाली का झोप?"

मला कळेना. मग कळलं. सकाळी त्यांनी माझ्या तंबूची चेन बंद पाहिली. गुडघा दुखतोय, झोपू दे, म्हणाल्या. सगळे बूट हातात घेऊन माझ्या तंबूजवळून गेले. चौकडीने गाणीही लावली नाहीत. दुपारी परत आल्यावरही कुजबुजत जेवले. तंबूच्या दाराशी झाकण ठेवलेला चहाचा कप होता, शेजारी ताटलीत भात आणि अंडं. मुंग्या लागल्या होत्या. दिवसभर हे लोक माझ्या रिकाम्या तंबूशी इतके चांगले वागले.

मी म्हटलं, हो, छान झोप झाली.

नर्सबाईंनी माझ्या बुटांकडे पाहिलं. मोज्यांवर रक्त, पँटला गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी सूप पुन्हा गरम केलं आणि माझ्यासमोर ठेवून तिथेच बसल्या, मी संपवीपर्यंत.

धबधबा फार सुंदर होता म्हणे.

१७ तारीख, सोमवार. बसमध्ये

सगळे दमून झोपले आहेत. घोरण्यात शिक्षक माझ्या पुढे आहेत, पण त्यांच्या बायकोने कुणाला सांगितलं नसणार. पुढच्या वर्षी पुन्हा यायचं, असं चौकडी आपसात ठरवत होती. मी खिडकीतून बाहेर पाहत होतो, म्हणून मला विचारायचं राहिलं असेल.

१९ तारीख, बुधवार

हिला फोन केला. रंगवून सांगितलं. कसा सगळ्यांच्या पुढे गेलो, कसा हरवलो. कसा सगळा ग्रुप दिवसभर मला शोधत होता, शिट्ट्या वाजवत, नावाने हाका मारत. नर्सबाई रडायच्या बेतात होत्या, हेही घातलं. ती ऐकत होती. मध्ये हं सुद्धा म्हणाली नाही. मला वाटलं, रंगली.

मग तिने विचारलं, "खरंच शोधत होते?"

मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.

म्हटलं, "नाही. त्यांना वाटलं, मी आत झोपलोय."

ती हसेल असं वाटलं. हसली नाही. मागे तिच्या बहिणीचा टीव्ही चालू होता. मग ती म्हणाली, "तुम्हालाही माझ्याबद्दल तसंच वाटायचं. आत आहे, म्हणजे ठीक आहे."

मी गुडघ्याबद्दल सांगितलं. तिने शेकायला सांगितलं.

रविवारी पुन्हा फोन करू का, असं विचारलं. ती म्हणाली, बघू.

त्याचा अर्थ लावत बसलो नाही.