पाटाची पन्नाशी

१६ जानेवारी १९७३

हेडमास्तरांनी तिळगूळ हातावर ठेवला आणि काम गळ्यात मारलं. "बाई, पाटाला पन्नास वर्षं झाली. स्मरणिकेत गावाचा इतिहास तुम्ही लिहा. गोड लिहा!"

गोड म्हणजे काय, गूळ घालू?

लिहायला बसले. पाट यायच्या आधी इथं नुसता फड्या निवडुंग. मग गोऱ्या साहेबानं पाट खणला, पाणी सोडायला दगडी मोरी बांधली, पाणी आलं, ऊस आला, गुऱ्हाळं आली, मागोमाग बाजार आणि तंबूतला सिनेमा. पाटाच्या दोन्ही अंगांना चिंचा. पाणी सुटलं की बायका खण-नारळानं पाटाची ओटी भरतात. सोयरिकीला आलेल्या पाव्हण्यांना पोरीआधी पाट दाखवतात — खरंच! लई आवडतं मला हे गाव.

१९ जानेवारी

हेडमास्तरांनी अर्धं पान खोडलं! पहिल्याच वर्षी पाटातून रानात जाणाऱ्या चारीवर पाण्यावरून डोकी फुटली, ते. "मारामाऱ्या कशाला, बाई?"

का नको? आमच्या आज्याचा कान फावड्याच्या घावानं त्याच चारीवर गेला. आजी मिरवायची — कान गेला, पण पाण्याची पाळी सोडली न्हाई!

२३ जानेवारी

धरणातच पाणी कमी. ऊस उभा जळतोय. आमच्या वरच्या अंगाला ज्याचं रान, त्या श्रीमंत नावाच्या गड्यानं काल पाटकऱ्याला चिंचेला बांधून मारला. दोन दात पाडले. का, तर पाणी आधी आम्हाला सोडणार म्हणाला!

जेवताना थोरला भाऊ गहिनीदादा म्हणाला, "आमच्या पाण्याला हात लावू दे. उभा चिरतो."

धाकटा सोपान हसला. "आधी भाकर चाव."

मला हसू आलं नाही. दादा बोलतो ते करतो. पोळ्याला एकाचा हात पिरगाळून मोडलाच की त्यानं.

२७ जानेवारी

आज आमची पाळी. सोपान पहाटेच उसाला पाणी द्यायला, दारं धरायला गेला. देवा, पाणी नीट मिळू दे.

२७, संध्याकाळ



शेजारची छबूबाई पाटापलीकडून ओरडायला लागली. आमच्या घरापाशीच मोरीखाली पाणी धो धो पडतं, धड काही ऐकू येईना. "सोपान... तोडलं! श्रीमंतनं तोडलं!"

दादानं कुऱ्हाड उचलली. मी मागं धावले. सोपान कुठंच दिसेना. श्रीमंत एकटाच चारीत वाकून फावड्यानं माती ओढत होता. दादानं विचारलंसुद्धा नाही. पहिला घाव मानेवर. मग खांद्यावर. मग तोंडावर. त्याची बायको झुंबरबाई बांधावरून किंचाळत होती, "नगा मारू! पाया पडते!" दादा थांबला नाही. लाल पाणी श्रीमंतच्याच उसात शिरत राहिलं.

आणि मी ओरडले, "अजून मार!" हो, मीच. माझा भाऊ कापला मेल्यानं!

दादा कुऱ्हाड घेऊन स्वतःच चौकीवर गेला. माणसं उसात सोपानचं प्रेत शोधताहेत. मला घरी आणून बसवलंय.

२७, दिवे लागले

सोपान आला. अंगावर ओरखडा नाही. पाटाच्या बंगल्यावर पाटबंधाऱ्याच्या साहेबाकडं गेला होता, तिकडूनच परस्पर घरी.

म्हणाला, "आक्का, श्रीमंतनं माझं पाणी तोडलं. तक्रार दिऊन आलो. दादाला नको सांगू, भडकंल."