भिंगरीचा पेपर

३ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू बनवलेलं टेबल सुखरूप पोचलं. एकही पाय डुगडुगत नाही. त्यामुळे पायाखाली कागदाची घडी कोंबायची तुझ्या भाऊजींची हौस तेवढी राहून गेली.

आता मुद्द्यावर येते. घरी शिकणाऱ्या मुलांना यंदापासून शाळांची सामायिक परीक्षा देता येणार आहे. सक्ती नाही, पण अर्ज मेअखेर पोचायला हवा. तो सोबत पाठवते आहे. तू भिंगरीला शाळेतून काढलंस तेव्हा मी मूग गिळून गप्प बसले, आता बसणार नाही. पोरगी दहा वर्षांची झाली. पुढेमागे तिला शाळेत घालायची वेळ आली, तर दाखवायला तुझ्याकडे काय आहे? ती कशात कच्ची आहे, हे तुला तरी नक्की माहीत आहे का? इतकी वर्षं मी पेपर तपासते आहे. आपलं मूल आईला हुशारच दिसतं.

राग आला तर येऊ दे, पण अर्ज भर.

डोळे वटारण्याचा हक्क राखून,
तुझी ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परीक्षा नाही. एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण मग तू दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली असतीस.

शाळेत असताना चाचणीच्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखायचं, हे तू विसरलीस. मी नाही विसरले. आता ती माझ्या सुतारकामाच्या कारखान्यात, भुशात पाय सोडून बसते आणि औषधांच्या दुकानासाठी चाललेल्या खणांची मापं काढता काढता अपूर्णांक शिकते. आमच्याकडे नियम एकच. सांधा जमला की तो दुसऱ्याला उलगडून दाखवायचा, तसंच गणिताचं. समोरच्याला समजावून सांगितल्याशिवाय उत्तर आलं असं म्हणायचं नाही. सांगताना ती जिथे अडखळते, तिथे ती कच्ची. मला माझ्या मुलीची खडान्‌खडा माहिती आहे.

सुट्टीत ती तुझ्याकडे येतेच आहे. तिची तयारी असेल तर तुझ्या शाळेतल्या सराव परीक्षेला बसव हवं तर. तुझी खुमखुमी एकदाची जिरू दे. खऱ्या परीक्षेचं नाव मात्र काढू नकोस.

भांडणापुरती का होईना, आठवण काढत जा.
तुझी धाकटी

४ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

भिंगरी उद्याच्या गाडीने निघते आहे. हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून घाईने लिहून पत्र तिच्याच हाती देते आहे.

काल ती सराव परीक्षेला बसली, स्वतःच्या खुशीने. त्या वर्गावर नेमकी मीच होते. पहिलं पान तिने छान सोडवलं. मग डावीकडे पाहिलं. तिथली मुलगी भागाकारावर अडून पेन्सिल चावत होती. झालं, भिंगरी खुर्ची तिच्याकडे ओढून खणखणीत आवाजात तिला भागाकार समजावायला लागली. सगळा वर्ग ऐकत होता, आणि खरं सांगते, क्षणभर मीही ऐकत राहिले.

मग मी तिचा पेपर काढून घेतला. भाची म्हणून सोडलं असतं, तर दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने अडवणार? ती रडली नाही. बोलायचं नाही तर उत्तर आलं हे कळणार कसं, एवढंच तिने मला विचारलं. पहिलं पान पूर्ण बरोबर होतं, पुढची सगळी कोरी.

रात्रभर मला झोप नाही. तरी सांगते, तिला खरी परीक्षा देऊ दे.

हातून झालं ते कर्तव्य. माया कमी समजू नकोस.
तुझी ताई

११ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुसऱ्याला मदत केली म्हणून जिथे हातातला कागद हिसकावतात, तिथे माझी मुलगी पुन्हा पाऊल टाकणार नाही. तुझा अर्ज परत पाठवते आहे.

आल्यापासून ती गप्प गप्प आहे. जिच्या तोंडाला कुलूप लावावं लागायचं, ती जेवतानासुद्धा बोलत नाही. ही तुझ्या परीक्षेची कमाई. हा विषय इथे संपला.

राग ओसरला की नीट लिहीन, तोवर सांभाळून घे.
धाकटी

१९ मे

ती. मावशीस,
नमस्कार.

आईला वाटतं मी तुझ्यावर रागावले आहे. मी रागावले नाही, विचार करत होते.

तो अर्ज परत पाठव. मला परीक्षा द्यायची आहे. घरी मी गणित करते तेव्हा आई समोर असते. मी चुकायला लागले की तिची भुवई वर जाते. मी लगेच खोडते. मग उत्तर बरोबर येतं, पण त्यातलं माझं किती आणि भुवईचं किती, ते मला कळतच नाही. तुझ्या वर्गात तू लांब होतीस, पहिलं पान भुवईशिवाय आलं. पुढचीही येतात का ते मला बघायचं आहे. तेव्हा पोट थोडं दुखत होतं. पुन्हा दुखेल. तरी बसणार.

या वेळी मी बोलणार नाही. शेजारी कुणी अडलं तर बाहेर आल्यावर सांगेन.

तू मात्र माझ्या वर्गावर येऊ नकोस. तुझी भुवई आईसारखीच आहे.

काकांना सांग, टेबलाचा डावा पाय मी घासला होता.
तुझीच, भिंगरी

१९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट चिकटवायच्या आधी भिंगरीने तिचं पत्र मला वाचायला दिलं आणि वाचून होईपर्यंत समोर उभी राहिली. मला फार लागलं, ताई. तिला शाळेतून काढलं ते कुणाचा धाक नको म्हणून, आणि धाक माझ्याच कपाळावर बसला होता. तिची खडान्‌खडा माहिती आहे, असं तुला ठणकावून लिहिलं होतं मी!

अर्ज उलट टपाली पाठव. हातात पडला की त्याच दिवशी भरते. तू जिंकलीस म्हणून फुशारू नकोस, तुलाही वर्गाबाहेर काढलंय तिने. परीक्षेच्या दिवशी आपण दोघी शाळेच्या फाटकाबाहेर थांबू. कसा गेला, हे तिने सांगितल्याशिवाय विचारायचं नाही. तुला जड जाईल, मला त्याहून जड.

निकाल काहीही लागो, ती घरीच शिकणार, असंही ठासून लिहिणार होते. हात थांबला. तेही तिलाच विचारणार आहे. ती काय म्हणेल या विचारानेच धडकी भरते आहे, पण विचारणार.

आपला तिघींचा लोभ असाच भांडता राहो.
तुझी धाकटी