सासूला सांगायचं नाही

मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६
पुण्याहून पार्सल आलं. समुपदेशनाचं पुस्तक २४० रुपये, सर्टिफिकेटचा फॉर्म १००, गळ्यात घालायचं कार्ड ६०, टपालखर्च ४५. एकूण ४४५. दहावी पासवर घरबसल्या समुपदेशक होता येतं, त्या मानानं महाग नाही. प्रॅक्टिकलला एक केस लागते, तीन बैठका.
संकल्प : या सोसायटीत एकही बाई दुःखी ठेवायची नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
केस मिळेना. शेजारच्या केसरबाई म्हणाल्या, मला काय धाड भरलीय, तुम्हीच दाखवा कुणाला तरी.
शेवटी सुनेलाच बसवायचं ठरवलं, मोनिकाला. पान ११ वर लिहिलंय, नातेवाइकांना केस म्हणून घेऊ नये. पण सून नातेवाईक थोडीच? ती घरचीच.
गुप्ततेचा कागद होता. नुसत्या सहीला काय अर्थ! देवघरापुढं खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली : इथलं बोलणं कुणालाही सांगणार नाही. मोनिकानं दोनदा विचारलं, कुणालाही म्हणजे कुणालाही ना, आई? व्हय म्हणाले.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी, दुपारी ४
पहिली बैठक. मला मॅडम म्हणायचं ठरलं. पुस्तकाप्रमाणं मत द्यायचं नाही, मान डोलवायची, मधून "हं, पुढं" म्हणायचं.
म्हणाली, मॅडम, माझ्या सासूबाई चहात साखर घालताना चमचा बोटानं सपाट करतात. हं, पुढं. गीझरला दहा मिनिटं, बाहेर उभं राहून मोजतात. हं, पुढं. माहेरचा फोन आला की भाजी निवडायला नेमक्या शेजारी येऊन बसतात.
पोरीला लई त्रास आहे. असल्या सासवांना एकदा समोर बसवलं पाहिजे. (चमचा सपाट केल्यानं महिन्याला पाव किलो वाचते, हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही. बोलले नाही. मत द्यायचं नाही.)

सोमवार, ९ फेब्रुवारी
दुसरी बैठक. म्हणाली, मॅडम, एक गोष्ट सासूबाईंना कळता कामा नये. मी म्हणाले, भंडारा उचललाय. म्हणाली, आम्ही करमाडला फ्लॅट भाड्यानं घेतलाय. बावीस तारखेला टेम्पो येणार.
मान डोलावली. दुसरं काय करणार?
आमच्या मुलाची, विश्वजीतची कंपनी वाळूजला, गावाच्या त्या टोकाला. करमाड या टोकाला. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. पेट्रोलचं विचारलं, मॅडम म्हणूनच. म्हणाली, पेट्रोल परवडतं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
विश्वजीत रोज पिशवी भरून नेतो. म्हणतो इस्त्रीला. आज ब्लँकेट इस्त्रीला गेलं. मी बरं म्हणाले. सासू म्हणून मला काही ठाऊक नाही.
यांनी विचारलं, जेवत का नाहीस? पोटात गॅस झालाय म्हणाले. चूर्ण दिलं. घ्यावं लागलं.

रविवार, १५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
वेरूळला जाऊन आले. पिंडीपुढं तोंड उघडलं आणि मिटलं. देवाला सांगितलं तरी सांगितलंच की.

मंगळवार, १७ फेब्रुवारी
शेवटची बैठक. मोनिका रडली. म्हणाली, सासूबाई वाईट नाहीत हो मॅडम. पण त्या घरात मोठ्यानं हसायचंसुद्धा दडपण येतं. चार वर्षांत त्यांनी एकदा जरी विचारलं असतं, काय होतंय तुला, तर गेले नसते.
आत्ता विचारावं वाटलं. पण विचारणार कोण, मॅडम की सासू? पुस्तक चाळलं, दोघी एकाच खुर्चीत असल्या तर काय करायचं ते दिलेलं नाही.
तिनं डोळे पुसले. म्हणाली, मग जाऊ ना?
मत द्यायचं नाही. मान डोलावली. हं, पुढं.

रविवार, २२ फेब्रुवारी, सकाळी ९
टेम्पो आला. दचकून "अगं बाई!" म्हणायची कालपासून तयारी केली होती. म्हणायची वेळच आली नाही. विश्वजीत पाया पडला, म्हणाला, आई, तू मान डोलावलीस म्हणून धीर झाला, मोनिका सांगत होती. शपथ माझी होती, तिची नव्हती.
यांनी विचारलं, म्हणजे तुला ठाऊक होतं? मी चूर्णाचा डबा आवरून ठेवला.
जिन्यात केसरबाई म्हणाल्या, काय मॅडम, पहिलाच पेशंट बरा झाला म्हणायचा!

सोमवार, २३ फेब्रुवारी
दोघांपुरता चहा केला. चमचा सपाट केला नाही.
संस्थेला पत्र लिहिलं, नक्कल इथं ठेवते :
मा. संचालक, तिन्ही बैठका झाल्या. केस समाधानी आहे. फॉर्म सोबत जोडला आहे. शंका एकच. काय होतंय तुला, असं केसला आता तिच्या सासूनं फोन करून विचारलं, तर शपथ मोडते का? कृपया उलट टपाली कळवावे.