डाव्या गालाचा साचा

मंगळवार, ४ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. लांबूनच करतोय, म्हणजे तुला कान धरता येणार नाही. तुझी पाठ कशी आहे? फोटो स्टुडिओत दिवसभर त्या उंच स्टुलावर बसू नकोस हे डॉक्टरांनी सांगून झालं, मी सांगून झालं, आता स्टुलानेच सांगायचं बाकी आहे. मी मजेत. कवळ्यांचं काम भरपूर आहे, लोकांचे दात पडायचे काही थांबत नाहीत.

पत्र बघून तुला वाटेल, याच्या फोनला काय धाड भरली. फोन शाबूत आहे. पण भुंगीचं नाव निघालं की तू ‘गिऱ्हाईक आलं’ म्हणून फोन ठेवतेस. ती माझ्याकडे आल्यापासूनच्या चार महिन्यांत तुझ्याकडे एवढी गिऱ्हाइकं आली असतील तर आता वरचा मजला बांधायला घे. पत्राचं बरं असतं. तेही मध्येच ठेवता येतं म्हणा, पण मग पुढे काय लिहिलंय ते कळेपर्यंत तुला चैन पडणार नाही, आणि मी तुला लहानपणापासून ओळखतो.

तर तुझी लेक बरी आहे. जेवते, झोपते, माझ्याशी भांडते. सकाळी लॅबमध्ये साचे ओतायला मदत करते, आणि दुपारनंतर माझं मागचं टेबल तिच्या ताब्यात. तिथे सध्या कॉस्प्ले चाललंय. म्हणजे व्हिडिओ गेममधल्या एखाद्या पात्राचा वेश स्वतःच्या हाताने बनवायचा आणि घालून मंचावर जायचं. मी पहिल्या दिवशी त्याला ‘सोंग’ म्हणालो, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. येत्या रविवारी सकाळी अकराला स्पर्धा आहे. पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात घातलाय.

तिने निवडलेली बाई गेममध्ये एका दलदलीची राखण करते. तोंडावर बगळ्याच्या चोचीचा मुखवटा, डोक्यावर उभा पिसारा. कोणी तिच्या पाण्यात कचरा टाकला की भाल्याने हाणते. मला बाई एकदम पटली. पिसं खरी नाहीत. फोमच्या पातळ शीटमधून भुंगीने एकशे चाळीस पिसं कापली, प्रत्येकात तार घातली, मागे पेन्सिलीने नंबर टाकला आणि जुन्या सायकल हेल्मेटवर ओळीने बसवली. पहिल्यांदा डोक्यावर चढवलं तर सगळा डोलारा पुढे कलंडला आणि चोच माझ्या चहात बुडाली. मागच्या बाजूला वजन हवं होतं. शेवटी कवळ्यांचे जुने प्लास्टरचे साचे हेल्मेटच्या मागे आतून बांधले. आता त्या राखणदारणीच्या मानेवर पाच अनोळखी माणसांचे जबडे आहेत, आणि हे परीक्षकांना सांगायचं नाही असं आमचं ठरलंय.

पिसारा जमला. मुखवटा मात्र काही केल्या बसेना.

मुखवटा चेहऱ्याला धरून बसायचा तर चेहऱ्याचा साचा हवा, आणि ते काम तर माझंच. दातांचा ठसा घ्यायची ती गुलाबी लापशी मी तिच्या चेहऱ्यावर थापली, नाकपुड्या मोकळ्या ठेवल्या. सुटलेल्या ठशात प्लास्टर ओतलं. दुसऱ्या दिवशी भुंगीचा पांढरा चेहरा टेबलावर तयार. त्यावर तिने फोम गरम करून ताणला, कापला, चिकटवला, चोच जोडली. घालून पाहते तर डाव्या गालावर टोचतोय आणि डाव्या डोळ्याचं भोक भुवईवर आलंय. मी म्हटलं, तू फोम जास्त तापवलास. तिने निमूटपणे नवा केला. तोही तसाच. मी म्हटलं, गोंद आक्रसला असेल. तिने तिसरा केला.

ताई, फोमचा दोष नव्हता. गोंदाचाही नव्हता. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दीड वर्षापूर्वी त्या सकाळी तिच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, ऐकेनाशी झाली. बरीचशी सुधारली, उरलं तेवढं राहणार असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून आपण दोघं त्या बाजूबद्दल अवाक्षर काढत नाही. आज मी काढतोय. साचा साफ करताना, बुडबुड्यांचे दाणे खरवडताना, माझा हात डाव्या ओठाच्या कोपऱ्यापाशी गेला. तो कोपरा खाली आहे. मी तिथे थोडं ओलं प्लास्टर लावलं. मग गालाला. मग भुवईला. तीस वर्षं या हाताला एकच शिकवण आहे, डावं उजव्यासारखं झालं पाहिजे. पण मी हे हातावर ढकलत नाही. मला तो चेहरा बघवला नाही. मला आपली जुनी भुंगी हवी होती, आणि पाच मिनिटं ती मला टेबलावर मिळाली. मी तिथेच बसून रडलो.

आणि हा शहाणा कोण, तर ओळखपत्राच्या फोटोवरून तुला फोनवर झाडणारा. तू तिचा फोटो कॉम्प्युटरवर दोन्हीकडून सारखा केलास, ‘ही मी नाहीच’ म्हणून ती बॅग भरून माझ्याकडे आली, आणि मी तुला तासभर उपदेश केला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तू म्हणाली होतीस, ‘मी काय वाईट केलं रे?’ तेव्हा मी उत्तर फार झटकन दिलं. त्याची मला लाज वाटते.

तिसरा मुखवटाही बसला नाही, तेव्हा भुंगीने डोळे मिटले, डावा मिटतो तेवढा. एक हात साच्यावर ठेवला, दुसरा स्वतःच्या गालावर, आणि बराच वेळ नुसती बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, “मामा, हे कुणाचं तोंड आहे?”

मी सांगून टाकलं. मला वाटलं, आता ही परत बॅग भरणार, आणि या खेपेला हिला जायला मामाचं घरही उरलं नाही. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, “आई माउसने करते, तू प्लास्टरने. भावंडं शोभता खरी.” आणि हसली. तिचं हसू आता एकाच बाजूने वर जातं. दीड वर्षात मी ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. मिश्कील दिसतं गं, तुला खरं सांगतो.

“ती जुनी मी आता नाही यायची, मामा,” ती म्हणाली. “जी आलीय तिला जेवायला वाढता, पांघरूण घालता, मग तिच्याकडे बघायला काय होतं तुम्हा दोघांना?”

मी उठून नवी लापशी कालवायला घेतली.

आम्ही नवा ठसा घेतला. या वेळी साचा तिनेच साफ केला, मी हात मांडीखाली घालून बसलो. त्यावर बेतलेला मुखवटा डबीवर झाकण बसावं तसा बसला. वर तिने आणखी एक केलं. डावा डोळा थोडा खाली घेतला, चोच जराशी कललेली ठेवली. मी म्हटलं, गेममधल्या चित्रात असं नाहीये, मार्क कापतील. तर म्हणते, “इतकी वर्षं लढतेय, तिलाही कुठेतरी लागलं असेलच की.” मार्क कापतीलच. तिला चालणार आहे.

आता कामाचं. या स्पर्धेत शेवटी मंचावर मुखवटा काढून उभं राहायची पद्धत आहे, कोणी बनवलाय ते लोकांना दिसावं म्हणून. सक्ती नाही. भुंगीने गेल्या महिन्यात नाव दिलं तेव्हाच ‘काढणार नाही’ असं लिहून तो कागद रविवारी द्यायला माझ्याकडे ठेवला होता. काल तिने तो कागद माझ्याकडे परत मागितला. का, ते मी विचारलं नाही.

तू ये. माझ्यावर राग असेल तर तोही घेऊन ये, घरी जागा आहे. मी तुला शिकवायला लिहीत नाहीये, मला ते तोंडच उरलं नाही. पण मी दीड वर्ष तिच्याकडे बघायचं चुकवलं आणि परवा पाहिलं, आणि पाहिल्यावर मला काही झालं नाही. उलट बरं वाटलं. एवढंच सांगायला इतकी पानं लागली.

तुझा,
छोट्या

आई,

मामाने पाकीट चिकटवायच्या आधी पत्र मला वाचायला दिलं. तो रडला ते मला माहीत नव्हतं.

मी मुखवटा काढणार आहे. समोर तीन-चारशे लोक असतील. त्यांनी कसंही पाहिलं तरी मी उभी राहीन, एवढी तयारी मी केलीय. एकाच गोष्टीची तयारी होत नाहीये. तू आलीस, आणि नेमकी त्याच वेळी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागलीस तर.

म्हणून ये, पण बघायला ये.

तुझीच,
आत्ताची भुंगी