ढ म्हणजे आपला एडका

साखर पेठ, सोलापूर
माघ महिना, १९७५ (तारीख कुणाला तरी विचारून टाकतो)

दाजींच्या पायाशी बाळासोचा वाकून, आणि खरं सांगायचं तर जरा लांबूनच, नमस्कार. तुमची तब्येत, अक्काचा गुडघा, वस्तीवरचा कुत्रा आणि सगळी मेंढरं ठीक असतील असं धरून चालतो. इकडं तुमची गोजा खुशाल आहे, जिच्याकडं तुम्ही तिला शिकायला ठेवली ती तुमची बहीण केराबाईही खुशाल आहे. मीही खुशाल आहे, फक्त माझा उजवा पाय बोटांपासून गुडघ्यापर्यंत निळा आहे. दुखत नाही. त्याचं पुढं येईलच.

तुमचं कार्ड मला संक्रांतीच्या आधी बार्शीत पोचलं. एका अडत्याकडं पोती शिवत होतो तेव्हा. शिवप्पा पोस्टमनच्या अक्षरातलं, दोन ओळींचं. लंगडी मेंढी आता कामाची राहिली नाही, फाल्गुनात मंद्रूपच्या बाजारात काढायची. गोजा तिसरीत दोनदा बसली, तिलाही शाळेतून काढायची, तू जाऊन घेऊन ये, मेंढरांमागं जाईल. दोघींची सोय एकाच कार्डात लावलेली बघून तुमच्या टापटिपीचं कौतुक वाटलं. (नमस्कार शिवप्पा. हे पत्रही तुम्हीच वाचून दाखवणार, तेव्हा एक ठरवून घेऊ. कंसाबाहेरचं मोठ्यानं वाचा, कंसातलं मनातल्या मनात. आपली जुनी ओळख आहे.)

मी त्याच दिवशी निघालो. आता सोलापूर ते मंद्रूप म्हणजे एसटीनं तासाभराची वाट, आणि मला इथं येऊन सव्वा महिना झाला, तर मधे काय झालं असं तुम्ही विचारणार. गर्दी फार होती. (गड्डा भरला होता, शिवप्पा. सिद्धेश्वराच्या जत्रेत पाच दिवस कुठं गेले कळलं नाही. पाळणा वर गेला की खाली तळं दिसतं, तळ्यात उलटं देऊळ दिसतं, आणि ते पाण्यात असं हलत असतं की उतरावंसं वाटत नाही. शेवटी पाळणेवाल्यानंच कामाला ठेवून घेतलं.)

सहाव्या दिवशी केराबाईच्या दारात गेलो तर गोजा घरी नाही. ती कमलम्माबाईंच्या माळ्यावर गेलेली. या बाई इथल्या विणकरांतल्या, घरात तेलुगू बोलतात. आधी शाळेत शिकवायच्या. मग एक वर्ष मद्रासला एका दवाखान्यात राहून आल्या. तिथं म्हणे ज्या पोरांना अक्षर बसत नाही त्यांना वेगळ्या तऱ्हेनं शिकवतात. आता त्यांच्या भावाच्या मागांवर जो माळा आहे तिथं दुपारी अशा अकरा पोरांना घेऊन बसतात. मी मनात म्हणालो, अक्षर बसत नाही त्याला दवाखाना कशाला, आमच्या वेळी एक कानाखाली बसली की काम व्हायचं. (झालं नव्हतं.) तेव्हा सरळ वर जायचं, गोजाचा दंड धरायचा आणि दुपारची एसटी गाठायची असं ठरवून मी अंगणात शिरलो. त्या अंगणात बांबूंवर रंगवलेल्या सुताच्या लड्या वाळत घातलेल्या असतात, लाल, हिरव्या, केशरी, वारा आला की सगळ्या मिळून एका बाजूला झुकतात, जणू आभाळच कुणीतरी पिळून टाकलंय. मी वर बघत चाललो आणि खाली निळ्या रंगाचा हौद होता.

विजार बाईंनी धुवायला टाकली आणि मला गुंडाळायला एक चादर दिली, नक्षी चुकलेली, एका मोराला दोन शेपट्या. वाळेपर्यंत बसा म्हणाल्या. वाळायला तीन तास लागले. सलग तीन तास मी आजवर कुठल्याच वर्गात बसलो नव्हतो.

दाजी, तो माळा तुम्ही बघायला पाहिजे. खाली माग चालतात, खटक-खट, खटक-खट, त्यानं वरच्या फळ्या सारख्या थरथरत असतात, चालत्या म्हशीच्या पाठीवर बसल्यासारखं वाटतं. खिडकीतून उन्हाचा पट्टा येतो, त्यात सुताचा भुगा तरंगतो, वर जातो, खाली येतो, टेकतच नाही. त्याच्याकडं बघत राहिलं की आपण कोण, कुठून आलो, कुठली एसटी, काही राहत नाही. पोरं जमिनीवर पसरलेली. कुणी वाळूच्या ताटात डोळे मिटून बोटानं अक्षर काढतंय आणि तोंडानं त्याचं नाव घेतंय, कुणी चिखलाची वळी वळून अक्षर मांडतंय, एक पोरगं खडूनं काढलेल्या भल्यामोठ्या म वरून अनवाणी चालत होतं, शेताच्या बांधावरून चालावं तसं. मी छडी कुठं ठेवलीय ते शोधलं. जुनी सवय. छडी नव्हती.

बाईंना मी म्हणालो, पोरगी मंद आहे, तुम्ही कशाला जीव काढता. बाईंनी आवाज चढवला नाही.

"पोरीचं डोकं चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "अक्षर तिच्यापुढं थांबत नाही, एवढंच. ती बघते तोवर ते तोंड फिरवतंय."

मग मला कळलं की गोजानंच त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की पुस्तक उघडलं की अक्षरं वाघरीतून सुटलेल्या मेंढरांसारखी पांगतात. बाईंना वाघर माहीत नव्हती. गोजानं समजावलं, रात्री मेंढरांभोवती लावतो ते जाळं. बाईंनी विचारलं, मग पांगलेली मेंढरं ओळखतेस कशी.

"तोंडावरनं की," गोजा म्हणाली. "लंगडी तर लांबनंच कळती."

तिथून ते सुरू झालं. र म्हणजे लंगडी, पुढचा पाय आखडून उभी. ठ म्हणजे पोटुशी मेंढी. ळ म्हणजे जुळी कोकरं, डोक्याला डोकं लावून झोपलेली. गोजा आधी मेंढरू ओळखते, मग त्याला हाक मारते, मग ते जागेवर उभं राहतं. एका ढ ला मात्र ती बोट लावीना. गावच्या शाळेत मास्तर तिला ढ म्हणून भिंतीकडं तोंड करून बसवायचे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बाईंनी चिखलाची जाड वळी करून दिली. गोजानं बराच वेळ लावून ती वळवली, ताटाकडं बघितलं, आणि माझ्याकडं मान करून म्हणाली, "मामा, ह्यो तर आपला एडका." खरंच की, दाजी. कानामागं गोल वळलेलं शिंग. तेव्हापासून ती जिथं तिथं ढ काढते. केराबाईच्या चुलीवर पण आहे एक.

मधे एक घोटाळा झाला. इथल्या शाळेत गुरुजींनी गोजाला वाचायला उभी केली, आणि तिनं लंगडी, पोटुशी, लंगडी असं खणखणीत वाचलं. वर्ग हसून लोळला. नातेवाईक म्हणून मला बोलावणं आलं. मी गुरुजींना सगळं नीट, अगदी वाघरीपासून समजावून सांगितलं, तोवर शाळा सुटली. (दुसऱ्या दिवशी बाई स्वतः जाऊन आल्या म्हणून निभावलं.) परवा तिनं मनातल्या मनात मेंढरं हाकली आणि तोंडानं एक पूर्ण ओळ वाचली. घाम आला होता तिला. मग ती खिडकीशी जाऊन लड्यांकडं बघत उभी राहिली.

मीही आता रोज वर जातो. बाईंना मदत करतो. (मदत म्हणजे मी गोजाशेजारी बसतो, शिवप्पा, माझ्यापुढंही वाळूचं ताट आहे. सातवीपर्यंत मी पाठांतरावर गेलो, पुढं पाठ होईना तेव्हा फिरायला लागलो. लोकांना वाटतं मला फिरण्याची हौस. हे पत्र लिहायला अकरा दिवस लागले.) बाईंनी घरच्यांची चौकशी केली, मी सगळ्यांची खुशाली सांगितली. (त्यांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला असं होतं का. मी वाळूत बोट फिरवत राहिलो, गोजाला न्यायला आलेली केराबाई बोलली. दाजींनाही लहानपणी मास्तरांनी ढ म्हणूनच बसवलं होतं, मार खाऊन खाऊन ते दुसरीतनं पळाले ते कळपात गेले. नव्वद मेंढरं अंधारात तोंडावरून ओळखणारा माणूस. बाई म्हणाल्या, त्यांना कुणी वाळू दिली नाही. हे त्यांना वाचून दाखवू नका, वाईट वाटेल.)

बाकी सर्व ठीक. अक्काला नमस्कार, कुत्र्याला माझ्या नावानं भाकरीचा तुकडा. लवकरच निघतो.

तुमचा मेहुणा,
बाळासो

ता.क. निघत नाही. बाई म्हणतात एक वर्ष द्या. तुम्हाला माणूस हवंच असेल तर मेंढरांमागं गोजाऐवजी मी येतो, चालायची सवय आहे. तरीही नको म्हणालात तर फाल्गुनातल्या बाजाराच्या आदल्या दिवशी तिला घेऊन मंद्रूपला उतरतो.

ता.क. दुसरा. पाकीट बंद करायच्या आधी गोजानं पत्र मागून घेतलं. खाली तिनं लिहिलंय. मला बघू दिलं नाही.

आबा मी गोजा. हे मी लिवलं. मामाचं पत्र मी सगळं वाचलं. आठ दिस लागले. शिवप्पाकाका कंसातलं बी आबाला मोठ्यानं वाचा. तेच खरं हाय. मामाला मेंढरांमागं नेऊ नका. तो हरवंल. आबा लंगडीला बाजारात नेऊ नका. ती माझा र हाय.